चांदणी नसलेली नळी

१

"एका ओळीचं काम आहे," मोठे डॉक्टर फोनवर म्हणाले. "आमचा निकाल बरोबर होता, एवढं लिहा आणि खाली सही करा."

एका ओळीची कामं मला डोक्यात जातात. ती ओळ नेहमी दुसऱ्यानं आधीच ठरवलेली असते आणि सही मात्र माझी हवी असते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. प्रयोगशाळांच्या चुका शोधणं हा माझा धंदा. माझ्या माघारी लोक मला भिंगबाई म्हणतात, आणि समोर आले की खुर्ची पुढे करतात.

"नेमकं झालंय काय?" मी विचारलं.

"एक मुलगी तलावात बुडता बुडता वाचली. तिची आई म्हणते, तुम्ही रक्त तपासून हृदय चांगलं आहे म्हणालात, मग हे कसं झालं? आता बुडाली त्याला आम्ही काय करणार?"

मोठ्या डॉक्टरांचं काम मला ठाऊक होतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात झिरपतं. मोठ्या माणसांत ते कितीपर्यंत चालतं, हे ठरलेलं आहे. मुलांत किती, हे अजून कुणी नीट मोजलेलं नाही. बापाची चप्पल पोराच्या पायात घालावी तसा मोठ्यांचाच आकडा मुलांना लावतात. म्हणून मोठे डॉक्टर शाळाशाळांतून ठणठणीत मुलं बोलावून त्यांचं रक्त मोजत होते. काम चांगलं होतं. माणूस घाईचा होता.

मी रुग्णालयात गेले. मुलगी बारा वर्षांची, लांब हातापायांची. घरीदारी तिला मासोळी म्हणत. अतिदक्षता विभागातल्या खाटेवर ती तारांच्या जाळ्यात बसली होती आणि कंटाळलेली दिसत होती. शर्यतीत भिंतीपाशी वळली आणि तळाला गेली. तिच्या सरांनी कपड्यांसकट उडी मारून बाहेर काढलं.

"आता ट्रोपोनिन किती?" मी तिथल्या डॉक्टरला विचारलं. पोरगेलासा, ताडमाड उंच माणूस होता.

"भरपूर वाढलंय. पण सरळ आहे हो. पाण्यात गुदमरली, प्राणवायू तुटला, हृदयाला ताण बसला. आपोआप उतरेल. उद्या संध्याकाळी घरी सोडतोय. आठवड्याभरात पोहायलाही लागेल."

"सोनोग्राफीत काय दिसलं?"

"हृदयाचा डावा कप्पा जरा सैल वाटतो."

"एका बुडण्यात कप्पा सैल होतो?"

तो वैतागला. "गेल्या आठवड्यात तिचं हृदय स्वच्छ होतं! तुमच्याच लोकांनी मोजलंय. म्हणजे जे झालं ते पाण्यातच झालं ना?"

माझे लोक नव्हते ते. पण मी वाद घातला नाही. तेवढ्यात परिचारिका रक्त घ्यायला आली. मासोळीनं न सांगता बाही सारली, डावा हात पुढे केला आणि म्हणाली, "इथली शीर चांगली लागते." सुई आत जाताना ती टक लावून बघत होती, आणि बघता बघता मला विचारत होती, "मला उद्या नक्की सोडणार ना? पुढच्या आठवड्यात स्पर्धेसाठी निवड आहे."

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की ही एक ओळ साधी नाही. गेल्या आठवड्याचा निकाल बरोबर असेल, तर पोरगी खुशाल घरी जाईल. तो चुकला असेल, तर एक आजारी हृदय आपण आपल्या हातानं परत पाण्यात सोडणार होतो.

२

प्रयोगशाळेतला टेक्निशियन नीटनेटका, चिडका माणूस होता. मी यंत्राकडे नुसतं बघितलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची.

"यंत्र चोख आहे," तो म्हणाला.

"मी अजून काही बोलले नाही."

"बोलणार होतात."

त्यानं पडद्यावर गेल्या आठवड्याचे निकाल उघडले. मूल खरंच निरोगी आहे ना, हे बघायला ट्रोपोनिनबरोबर यकृत, मूत्रपिंड वगैरे नेहमीच्या तपासण्याही करत. पडद्याभर चांदण्या पसरल्या होत्या. मर्यादेबाहेरच्या आकड्यापुढे यंत्र एक चांदणी टाकतं, म्हणजे माणसाचं लक्ष जावं.

"निरोगी मुलं ना ही? मग एवढ्या चांदण्या कशाला?"

"ते अल्कलाइन फॉस्फेटेज. वाढत्या हाडांमुळे मुलांचं जास्तच असतं. यंत्रात मर्यादा मोठ्या माणसांच्या भरल्यात."

"मग बदला की!"

"दोनदा सांगितलं मोठ्या डॉक्टरांना. बघू म्हणाले. आता आम्ही चांदण्यांकडे बघतच नाही."

मी कपाळाला हात लावला. मुलांची मापं वेगळी असतात हे सिद्ध करायला जे काम काढलं, त्याच कामात यंत्राला मापं मोठ्यांची! आणि कुणाला त्याचं सुखदुःख नाही.

"मासोळीची नळी शीतपेटीत आहे का अजून?"

होती. त्यानं ती बाहेर काढली, वितळवली आणि उजेडात धरली. रक्तातून वेगळा काढलेला द्रव पिवळट आणि नितळ असायला हवा होता. हा पांढुरका, दुधात पाणी घातल्यासारखा.

"मुलं उपाशीपोटी बोलावली होती ना?"

"सगळी. पण पोरं ती. वाटेत काहीतरी तोंडात टाकतात."

"हे वाटेतलं गोळीबिस्किट नाही. चांगलं तेलतूप पोटात गेल्यावर रक्त असं होतं. यानं मोजणी बिघडली असेल?"

"मुळीच नाही," तो म्हणाला आणि तरीही त्यानं नळी जोरात फिरवून चरबी वेगळी केली, खालचा नितळ भाग यंत्रात लावला. आम्ही दोघं हाताची घडी घालून उभे राहिलो. माझा फोन वाजला. घरून आत्या.

"माझं कानातलं यंत्र सापडत नाही गं!"

"आत्या, उशीखाली बघ."

"काय?"

"उशीखाली!"

"काही ऐकू येत नाही बाई. यंत्र सापडलं की करते फोन." आणि तिनं फोन ठेवला. टेक्निशियन पहिल्यांदा हसला.

यंत्रानं आकडा दिला. ट्रोपोनिन नगण्य. हुबेहूब गेल्या आठवड्यासारखं.

"बघा!" तो म्हणाला.

"नळ्यांची अदलाबदल? तिची चिठ्ठी दुसऱ्याच्या नळीवर गेली असेल."

"मग तिचं वाढलेलं रक्त दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर दिसायला हवं. त्या दिवशी एकाही मुलाचं वाढलेलं नाही."

तो बरोबर बोलत होता, आणि त्यामुळे मला आणखीच चीड आली. तरी हट्टानं मी त्याला त्या दिवशीच्या सगळ्या नळ्या पुन्हा लावायला लावल्या. एकही वाढलेली निघाली नाही.

मग दोनच गोष्टी उरत होत्या. एक तर तो उंच डॉक्टर बरोबर होता. नाहीतर मासोळीचं रक्त या खोलीत कधी आलंच नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावावर गेले. पोहण्याचे सर काठावर उभे होते, गळ्यात शिट्टी, डोळे सुजलेले. कुणीतरी आम्हाला चहा-बिस्किटं आणून दिली. त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली.

"तुम्ही घ्या. मी दुपारपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही. पोरं उपाशी पोहतात आणि मी काय काठावर उभं राहून खात बसू? किती वर्षांची सवय आहे."

"रक्त घेतलं त्या दिवशी तुम्ही होतात तिथे?"

"मीच सगळ्या चमूला घेऊन गेलो. आत-बाहेर चाललं होतं माझं. मासोळीला मात्र तिचा मामा घेऊन आला." ते पाण्याकडे बघत राहिले. "तिची वेळ महिनाभर घसरत होती. मला वाटलं, आळस करते. सगळ्यांसमोर बोललो तिला. निवडीतून नाव काढीन म्हणालो."

"तिनं दम लागतो वगैरे सांगितलं कधी?"

"ती? ती मरेल पण सांगणार नाही." आणि आपण काय बोललो हे कळून त्यांनी शिट्टी मुठीत घट्ट आवळली.

तिथून मी रक्त घेण्याच्या खोलीत आले. दारात रांग, आत एक खुर्ची, एक पडदा, आणि रक्त घेणाऱ्या सिस्टर. थकलेली, भरभर हात चालवणारी बाई.

"बोला, पण मी काम करता करता ऐकणार," त्या म्हणाल्या. "सकाळपासून घोटभर चहा नाही पोटात. मुलं आली की दुपारपर्यंत रोजचंच आहे हे. एक नळी कमी पडली की मोठे डॉक्टर माझ्या नावानं शंख करतात. त्यांना काय, ते कधी या खोलीत पाऊल टाकत नाहीत. रक्त काय नळातून येतं?"

"मासोळी नावाची मुलगी आठवते?"

"एवढ्या मुलांत कोण आठवणार?"

"तलावात बुडाली ती."

त्यांचा हात क्षणभर थांबला. "आठवत नाही बाई. दिलं असेल रक्त. अशा घाबरट पोरींना सुई दाखवली की किंचाळतात, मग मी काही चेहरे बघत बसत नाही."

"घाबरट? आठवत नाही म्हणालात ना?"

"म्हणजे... सगळीच घाबरतात," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलाला मोठ्यानं हाक मारली.

मी बाहेर आले. या सिस्टर खोटं बोलत होत्या, ते मला कळलं. पण एक गोष्ट त्यांच्या तोंडून खरी निसटली होती. त्या खुर्चीत मासोळी किंचाळली होती. आणि काल माझ्यासमोर हीच मुलगी आपणहून हात पुढे करून शीर दाखवत होती.

४

मासोळीची आई विभागाबाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. कापडाच्या गिरणीत पाळी करून थेट आलेली. माझी ओळख ऐकताच ती उसळली.

"आला का तुमचा शोध संपत? हृदय चांगलं आहे म्हणालात! लेकरू जिवानिशी गेलं असतं!"

"म्हणूनच आलेय. मला एवढंच सांगा, तिला सुईची भीती वाटते?"

"तिला?" आई रडता रडता हसली. "गुडघा फुटला तेव्हा टाके घालणाऱ्याला विचारत होती, दोरा निळा का आहे म्हणून. सुईला कसली घाबरते?"

"रक्त द्यायला तुम्ही होतात बरोबर?"

"माझी पाळी होती. माझा धाकटा भाऊ गेला होता. फार जीव आहे त्याचा भाचीवर. एवढा की तिला नाही म्हणताच येत नाही त्याला."

मामाचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान पलीकडच्या गल्लीत होतं. अरुंद जागा, भिंतीभर घड्याळं, आणि मधोमध स्टुलावर बसलेला एक जाडजूड, मऊ चेहऱ्याचा माणूस. एका डोळ्याला भिंग. आम्ही दोघं सहव्यवसायी, असं काहीतरी मी बोलले. तो हसला नाही.

"रक्त दिलं ना तिनं. शहाण्यासारखं दिलं," तो म्हणाला. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

"रडली नाही?"

"छे! एक थेंब नाही."

"सिस्टर म्हणतात, किंचाळली."

त्याच्या चिमट्यातून एक बारीक स्क्रू सुटला आणि टेबलाखाली गेला. तो वाकून शोधू लागला. बराच वेळ शोधत होता.

"उपाशीच आली होती ना?" मी टेबलावरून विचारलं.

"हो, हो! पाणीसुद्धा मोजून दिलं." खालून आवाज आला, जरा हुशारून. "मी तर तिच्यासमोर खायला नको म्हणून घरूनच पोट भरून निघालो. तिच्यासमोर खाल्लं असतं तर बिचारीला..."

"काय खाल्लंत?"

"नेहमीचंच. लोणी थापलेला पाव, तीन-चार तळलेली अंडी." मग तो वर आला. चेहरा लाल झाला होता. "पण ते कशाला हवंय तुम्हाला?"

धावतच निघाले म्हणायला हरकत नाही, माझ्या गुडघ्यांना जेवढं धावता येतं तेवढं. वाटेत आत्याचा फोन आला. तो मी घेतला नाही.

प्रयोगशाळेत टेक्निशियन निघायच्या तयारीत होता. "पडदा उघडा," मी म्हणाले. "त्या दिवशीचे सगळे निकाल. मला चांदण्या बघायच्यात."

"अहो, त्या चांदण्यांना काही अर्थ नाही, सांगितलं ना..."

"तुम्ही उघडा तर!"

त्यानं उघडले. प्रत्येक मुलापुढे, प्रत्येक मुलीपुढे, फॉस्फेटेजच्या आकड्याशेजारी चांदणी. मी बोट खाली खाली नेत राहिले. मासोळीच्या ओळीवर बोट थांबलं.

तिथे चांदणी नव्हती.

५

संध्याकाळ होत आली होती. मासोळीची सुटकेची चिठ्ठी लिहून तयार होती. मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत सगळ्यांना गोळा केलं. ते स्वतः, उंच डॉक्टर, टेक्निशियन, पोहण्याचे सर, रक्त घेणाऱ्या सिस्टर, आणि मामा. मामाला सरांनी गाडीवर बसवून आणलं होतं. आईला मी मुद्दाम लेकीपाशी राहू दिलं.

"माझी सात वाजता बैठक आहे," मोठे डॉक्टर म्हणाले.

"मग मधे बोलू नका, म्हणजे वेळेवर जाल. तुम्हाला एक ओळ हवी होती ना? घ्या. निकाल बरोबर होता, पण रक्त मासोळीचं नव्हतं."

सगळे एकदम बोलू लागले. मी टेबलावर हात आपटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपटला आणि तो चांगलाच दुखला.

"यंत्रात मोठ्या माणसांच्या मर्यादा आहेत. त्यामुळे फॉस्फेटेजपुढे प्रत्येक मुलाला चांदणी मिळते, कारण त्यांची हाडं वाढतायत. एवढ्या मुलांत एकाच नळीला मिळाली नाही. मासोळी बारा वर्षांची. गेल्या वर्षभरात ती किती वाढली, सर?"

"चांगली चार बोटं," सर म्हणाले. "पोहायचा पोशाख दोनदा बदलला."

"मग हाडं जोमानं वाढतायत आणि रक्तात त्याचा पत्ता नाही, हे कसं? त्या नळीत वाढ संपलेल्या माणसाचं रक्त आहे. मोठ्या माणसाचं. यंत्रानं ते बरोबर सांगितलं होतं. पण सगळीकडेच चांदण्या, म्हणून तुम्ही कुणी त्यांच्याकडे बघायचंच सोडून दिलंत!"

टेक्निशियन खाली मान घालून म्हणाला, "दोनदा सांगितलं होतं मी."

"आता कुणाचं? त्या खोलीत मोठी माणसं तीनच. सिस्टर, सर, मामा. नळीतलं रक्त दुधाळ होतं. देणाऱ्यानं थोड्याच वेळापूर्वी भरपूर लोणी-तेल खाल्लं होतं. सिस्टरांच्या पोटात मुलांच्या दिवशी दुपारपर्यंत चहासुद्धा नसतो. सर दुपारपर्यंत पाण्यावर असतात. आणि एक माणूस, भाचीसमोर खायला नको, म्हणून घरूनच पोटभर जेवून आला होता."

कुणी मामाकडे बघितलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. त्यानं शर्टाची बाही हळूहळू वर केली. कोपराच्या खळगीत पिवळा पडलेला डाग होता.

"माझंच आहे," तो म्हणाला. "ती इतकी रडायला लागली की मला बघवेना. मीच म्हटलं सिस्टरांना, माझं घ्या. एकाच घरातलं रक्त, काय फरक पडतो?"

"काय फरक पडतो?" उंच डॉक्टर ओरडला. "त्या आकड्यावर मी तिला घरी सोडत होतो!"

"मला काय माहीत हो!" मामाचा आवाज फुटला. "निरोगी मुलांचं रक्त हवं होतं. ती निरोगीच आहे ना, असं वाटलं."

सिस्टर भिंतीला टेकल्या होत्या. "बाहेर रांग लागली होती. ती हात ओढून घेत होती, दोनदा सुई निसटली. नळी कमी आली असती तर पुन्हा बोलणी. मला वाटलं, एवढ्या नळ्यांत एक... ती बुडाल्याचं कळलं तेव्हापासून झोप नाही मला. पण म्हटलं, बुडाली ना ती, हृदयाचा काय संबंध?"

"हेच तर सगळे म्हणत होते," मी म्हणाले. "आणि कशाच्या जोरावर, तर मामांच्या हृदयाच्या!"

उंच डॉक्टरनं सुटकेची चिठ्ठी फाडली आणि दार उघडं टाकून तो निघाला. मी त्याच्यामागे गेले. कारण एक गाठ अजून सुटली नव्हती. टाके घालताना दोऱ्याचा रंग विचारणारी मुलगी त्या खुर्चीत का किंचाळली?

६

मासोळी खाटेवर कपडे घालून बसली होती, पाय लोंबकळत. छातीच्या तारा मात्र अजून लावलेल्या होत्या. आईला उंच डॉक्टरनं बाहेर बोलावून घेतलं. मी तिच्याशेजारी बसले.

"मामा सापडला," मी म्हणाले.

तिचे पाय थांबले. "त्याला ओरडलात?"

"थोडं. तुला जास्त ओरडणार आहे. तू सुईला घाबरत नाहीस."

तिनं चादरीची कडा ओढून घेतली.

"मग कशाला घाबरलीस?"

ती कडा ती बारीक बारीक दुमडू लागली. मग म्हणाली, "ते मोठे डॉक्टर शाळेत आले होते. म्हणाले, रक्ताच्या एका नळीत हृदयाचं सगळं कळतं. लपवता येत नाही."

"आणि तुला काय लपवायचं होतं?"

"ताप आला होता मला. आई पाळीला गेली की झोपायचे, यायच्या आत उठायचे. ताप गेला, पण नंतर जिना चढला तरी दम लागायला लागला. रात्री छातीत धडधड व्हायची. सर म्हणाले, नाव काढीन. म्हणजे रक्तात दिसलं असतं तर काढलंच असतं ना?"

"कधीची गोष्ट ही?"

"महिना झाला असेल."

मला तिचा राग आला, सरांचा आला, शाळेत जाऊन भाषणं ठोकणाऱ्या डॉक्टरांचा आला, मामाचा, सिस्टरांचा, आणि शेवटी सगळ्यांचाच. एवढी मोठी माणसं, एवढी यंत्रं, आणि एकानंही या पोरीला नुसतं विचारलं नव्हतं, की बाई गं, तुला बरं वाटतंय का?

"तापाच्या विषाणूनं हृदयाला सूज आणली असणार," मी तिला सांगितलं. "सुजलेलं हृदय पळवलं की ते बंद पडतं. पाण्यात तेच झालं. तू बुडालीस म्हणून हृदय बिघडलं नाही. हृदय बिघडलं होतं म्हणून तू बुडालीस."

"मग मी मरणार?"

"सगळं खरं सांगितलंस तर नाही. डॉक्टरला बोलावते, त्यांना सगळं सांग. पहिल्या दिवसापासून."

तिनं सांगितलं. उंच डॉक्टर खाटेच्या कडेला बसून लिहीत होता, आणि पहिल्यांदाच मला तो बरा वाटला. त्यानं तिला झोपून राहायला सांगितलं, औषधं बदलली, तारा होत्या तशाच ठेवल्या. खाली जाऊन मी मामाला वर पाठवायला निघाले, तोच विभागातला घंटेसारखा आवाज सुरू झाला. माणसं धावली. पडदा ओढला गेला.

मासोळीच्या हृदयाचे ठोके सैरावैरा धावत सुटले होते.

७

मी पडद्याबाहेर उभी होते. आत उंच डॉक्टरचा आवाज ऐकू येत होता, एकेक शब्द स्पष्ट, अजिबात न चढलेला. मग एक धक्का. मग शांतता. मग यंत्राचा टिकटिक आवाज, आधी अडखळत, मग एका लयीत.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"ठोका आला ताळ्यावर," तो म्हणाला. "घरी सोडलं असतं, तर आत्ता ती घरच्या जिन्यात असती." मग भिंतीला पाठ लावून तो तसाच खाली बसला, लांब पाय वाटेत पसरून, आणि कुणी त्याला उठवलं नाही.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. सूज उतरायला वेळ लागला, पण उतरली. पोहणं बराच काळ बंद. सरांनी निवडीची जागा तिच्यासाठी राखून ठेवतो म्हटलं, तेव्हा तिच्या आईनं त्यांना असं काही सुनावलं की ते शिट्टी काढून खिशात ठेवून आले. सिस्टरांनी स्वतःहून लेखी कबुली दिली. मोठ्या डॉक्टरांना मी शेवटी माझी ओळ दिली, आणि तिच्याखाली आणखी पुष्कळ ओळी. त्यांनी बैठक सोडून त्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी ते पहिल्यांदा रक्त घेण्याच्या खोलीत जाऊन दुपारपर्यंत बसले, असं टेक्निशियननं मला कळवलं. मासोळीचं नाव निरोगी मुलांतून काढावं लागलं.

पण मला आठवतं ते त्याच संध्याकाळचं. मासोळीला झोप लागली होती. आई बाकावर, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर मामा, अंग चोरून बसलेला. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. मी जवळ गेले तशी आई म्हणाली, "एवढी शिकलीसवरलेली माणसं तुम्ही. बारा वर्षांच्या पोरीनं सगळ्यांना गुंडाळलं?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"आणि हा!" ती भावाकडे न बघता म्हणाली. "लहानपणी मी रडले की हा स्वतःची वाटी माझ्यापुढे सरकवायचा. अजून अक्कल नाही आली."

मामा रुमालात नाक शिंकरत राहिला. मग तो उठून जायला निघाला. आईनं त्याचा हात धरला आणि त्याला खाली बसवलं.

"कुठे निघालास? मी दोन पाळ्यांची जागी आहे. जरा पडते इथेच. तू आत जाऊन तिच्यापाशी बस. सकाळी रक्त घ्यायला येतील." तिनं डबा उशाला घेतला आणि डोळे मिटले. "आणि ती कितीही रडली, तरी अजिबात ऐकायचं नाही तिचं."